गुलाबी थंडी आणि चरका

(शाहपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "थंडी आणि केळीचा भाव." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्यांनी अदबीने विचारले, "सर, साहित्याचाच विषय आहे ना?" मी म्हणालो, "भाषेचा आहे. साहित्याचा होतो की नाही ते भाषण झाल्यावर आपण ठरवू."

डिसेंबर उजाडला की आपल्या वर्तमानपत्रांत एक शब्दप्रयोग हमखास येतो : गुलाबी थंडी. मी वर्गात निबंध लिहायला दिला, तर तीस वह्यांपैकी पंचवीस वह्यांत ती गुलाबी थंडी, ती धुक्याची दुलई आणि ती शेकोटी सापडते. यातली निम्मी मुले केळीच्या घरातली. सकाळी बागेत जाऊन, पानांचा रंग बघून, वडिलांचा पडलेला चेहरा बघून ती कॉलेजात येतात आणि वहीत 'गुलाबी थंडी' लिहितात. आपल्या घरातली थंडी त्यांना वहीत लिहिण्याजोगी वाटत नाही. मला आज या न लिहिलेल्या थंडीबद्दल बोलायचे आहे.

आधी बाजारात जाऊ. थंडी सगळ्यांना सारखी वागवत नाही. आपल्या आठवडी बाजारात पौष महिन्यात फिरा. मेथी, पालक, मुळा, गाजर, फुलकोबी, वाटाणा यांचे ढीग लागलेले असतात. ही पिके थंडीची लाडकी. पाने कोवळी, गड्डा घट्ट, दाणा गोड आणि भाव उतरलेला. संध्याकाळी तर विकणारी बाई "घेऊन जा मास्तर, परत कुठं नेऊ" म्हणत एकाऐवजी दोन जुड्या पिशवीत टाकते. आपल्याला आनंद होतो, पण ती दुसरी जुडी तिच्या मजुरीतून आलेली असते. त्याच बाजारात भेंडी आणि गवार मात्र महाग, कारण या उष्णतेच्या भाज्या थंडीत फुलतच नाहीत, माल निघत नाही. टोमॅटो झाडावर हिरवाच रेंगाळतो. आणि आपल्या खानदेशी जिभेची शान असलेले भरिताचे वांगे नेमके याच दिवसांत चवीला येते. बामणोदच्या वांग्यांचे नाव त्यासाठीच दूरवर गेले आहे. शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजून भरताची पंगत बसते तेव्हा थंडी खरोखर गुलाबी असते, हे मी नाकारत नाही.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की आपण स्वेटर शोधतो, आणि तिथला द्राक्षवाला रात्री बागेत शेकोट्या पेटवतो. कडाक्याच्या थंडीत मण्यांची फुगवण थांबते आणि साखर भरत आलेला मणी तडकतो. तडकलेल्या मण्याला बाजार नाही. म्हणजे एकच पारा कोणाच्या पिशवीत भर घालतो आणि कोणाच्या पिशवीतून काढून घेतो.

आता आपल्या केळीकडे येऊ. 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत बऱ्हाणपूरचे नाव केळीवर लागले आहे. सीमेपलीकडच्या जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, सावदा, मुक्ताईनगरपासून इच्छापूर, शाहपूर, बऱ्हाणपूरपर्यंत हा एकच सलग हिरवा पट्टा आहे. मधली राज्याची सीमा बागेला दिसत नाही. पण केळी मुळात इथली नव्हे. आग्नेय आशियाच्या दमट, उष्ण जंगलांतून ती आली. हिवाळा म्हणजे काय हे तिच्या रक्तात नाही. आपण तिला तापीच्या खोऱ्यात, जवळजवळ २१ अंश उत्तरेला आणून बसवले. उन्हाळ्यात तिला पाणी देता येते, वाऱ्यापासून शेवरीची किंवा गजराज गवताची आडभिंत देता येते. थंडीपुढे मात्र आपले उपाय थोडके आहेत.

पावसाळ्यात केळीला साधारण आठवड्याला एक नवे पान येते. थंडीत त्याच पानाला दोन-तीन आठवडे लागतात. पारा दहाच्या खाली जाऊन काही दिवस तिथेच राहिला की पानांवर पिवळसर पट्टे येतात, मग कडा करपतात. निसवणीच्या वेळी, म्हणजे घड बाहेर पडण्याच्या वेळी थंडीने गाठले तर वरची पाने दाटीने गोळा होतात आणि घड गळ्यातच अडकतो. कधी खोड फाडून आडवा येतो. जे घड बाहेर आलेले असतात त्यांची भरणी थांबते. केळी लांब होत नाही, जाड होत नाही. कापून नेलेल्या मालालाही थंडी सोडत नाही. फळ तेरा अंशांच्या खाली राहिले की सालीखालचा चीक गोठतो, तपकिरी रेषा उमटतात आणि पिकताना पिवळाधमक रंग न येता मळकट रंग येतो. दुखापत हलकी असेल तर आतला गर चांगला असतो, पण गिऱ्हाईक आत बघत नाही.

या सगळ्या प्रकाराला आपल्या पट्ट्यात एक शब्द आहे : चरका. "बागेला चरका बसला."

मित्रहो, या शब्दाजवळ थोडे थांबा. चरका म्हणजे भाजल्याचा डाग, पोळल्याची खूण. मनाला चरका बसला, असे आपण म्हणतो तेव्हाही आत काहीतरी पोळलेले असते. शेतकऱ्याने थंडीच्या दुखापतीला आगीच्या घरातला शब्द दिला, कारण पान जवळून बघितले तर ते भाजल्यासारखेच दिसते. ज्याने हा शब्द पहिल्यांदा असा वापरला त्याने कुठल्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवले नसेल. त्याने पाहिले आणि नेमके नाव दिले. माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितले की तिची आई "बाग थिजली" म्हणते. तूप थिजते, खोबरेल थिजते, तशी बाग. सालीखालचा चीक गोठतो हे मी पुस्तकात वाचले होते. त्या माउलीने ते न वाचताच क्रियापद बरोबर निवडले होते.

आता भावाचे. थंडीत केळीचा भाव का पडतो, याचे उत्तर एका कारणात मावत नाही. आपला माल मुख्यतः उत्तरेकडे जातो. तिकडे कडाका असताना "केळं थंड, खोकला होईल" या समजुतीने खप उतरतो. धुक्यात ट्रक अडकतात. पिकवणीला वेळ लागतो, म्हणून व्यापाऱ्याचा माल फिरत नाही आणि तो नवा माल घ्यायला हात आखडतो. इकडे बागेत घड भरत नाहीत, पण शेतकऱ्याला देणी भागवायची असतात, म्हणून तो अर्धवट भरलेला घडही कापतो. मग मंडीत आपलेच शब्द आपल्यावर उलटतात. नव्या लागवडीचा पहिला माल तो नवती, पिलांवर धरलेला दुसरा बहर तो पिलबाग, आणि जो माल नजरेत भरत नाही तो वापसी. चरका बसलेला घड वजनाला कमी भरतो आणि वर वापसीत जातो; म्हणजे मार दोन ठिकाणी. गंमत अशी की वापसीचा माल परत येत नाही, तो जातोच. परत येते ती शेतकऱ्याची आशा.

पुढे फेब्रुवारी-मार्चचे ऊन लागले की थंडीत रेंगाळलेले घड एकदम भरू लागतात. त्या सुमारास महाशिवरात्र किंवा रमजान आला तर मागणी वाढते आणि भाव सावरतो. सण पुढेमागे झाले आणि माल एकदम आला, तर उन्हातही भाव गारठलेलाच राहतो. म्हणून आपल्याकडचा अनुभवी माणूस लागवडीचा महिना ठरवतानाच पुढच्या हिवाळ्याचा हिशेब करतो. मृगबाग आणि कांदेबाग या दोन शब्दांत तो हिशेब बांधलेला आहे. मृगबाग जून-जुलैची, कांदेबाग ऑक्टोबरच्या आसपासची. कांदेबागेत कांदा नसतो, हे बाहेरच्या पाहुण्याला समजावताना आपली करमणूक होते; पण कुठली बाग कुठल्या अवस्थेत थंडीला सामोरी जाणार, हे त्या दोन नावांतून घरातल्या म्हातारीलाही कळते.

इथवर मी जे सांगितले ते तुमच्यातल्या अनेकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. आता जे सांगणार आहे ते मी आजवर जाहीरपणे सांगितलेले नाही.

बऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी झाला. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी एक वाईट हिवाळा आला. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, त्यांची नाल्याकाठच्या खोलगट शेतात मृगबाग होती. थंड हवा जड असते, ती रात्री उताराने वाहत जाऊन खोलगटात साचते. म्हणून नाल्याकाठची बाग आधी जाते. आबांनी रात्री विहिरीचे कोमट पाणी दिले, बांधांवर काडीकचरा पेटवून पहाटे धूर केला, निंबोळी पेंड घातली. तरी बाग चरकली. निम्मे घड अडकले.

आबा माझ्याकडे आले. मी नुकताच डॉक्टर झालो होतो, घरात पहिला. म्हणाले, "भाऊ, अर्ज लिहून दे. तू शिकेल माणूस हाये." घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात दोन्ही, असे आपले सगळ्यांचे. अर्ज अर्थातच हिंदीत लिहायचा. आबा मराठीत सांगत होते, मी लिहीत होतो. ते म्हणाले, "लिही, चरक्यानं सारा पाला पिवळा पडला."

चरक्याला हिंदी शब्द मला सुचला नाही. आणि 'पाला' हा शब्द हिंदीतही आहे. मी लिहिले : "पाला पड़ने से केले की फसल नष्ट हुई।" वाक्य मला झकास वाटले.

आपल्या मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने. हिंदीत पाला म्हणजे गोठलेले दव, ज्याने पिके जळतात ते. दोन्ही शब्द दिसायला, ऐकायला एक. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे कळायला हवे होते, आणि मी तर भाषेचाच माणूस.

पाहणीला कर्मचारी आले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारले, "पाला किस दिन पड़ा?" आबांनी त्यांच्या समजुतीने उत्तर दिले, "पाला तर बारा महिने असते साहेब, पिवळा आता पडला." आसपासची माणसे हसली. साहेबांनी अर्ज वाचला, आबांकडे पाहिले, आणि गावात त्या दिवसांत कुठेच दव गोठल्याचे कोणी सांगत नव्हते. त्यांच्या दृष्टीने अर्जातली गोष्ट घडलेलीच नव्हती. आमच्याकडे राजस्व पुस्तक परिपत्र ६(४) प्रमाणे मदत मिळते आणि कागदावरच्या शब्दाला तिथे वजन असते. अर्ज निकाली निघाला. बरोबर शब्द लिहिला असता तर पैसे मिळाले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण आबांची खरी गोष्ट खोटी ठरली, ती माझ्या वाक्यामुळे. आबा मला एक शब्द बोलले नाहीत. "तुले वाटलं ते तू लिहिलं," एवढेच म्हणाले. मला चरका बसला तो तेव्हा.

त्यानंतर मी हे शब्द शोधू लागलो. आणि लक्षात आले की प्रश्न केवळ माझ्या एका चुकीचा नाही. थंडी मोजणारे सरकारी शब्द बघा. 'पाला' पडायला दव गोठावे लागते. 'शीतलहर' जाहीर व्हायची तर हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली जायला हवे आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असायला हवे; किंवा सरळ ४ अंशांवर उतरायला हवे. म्हणजे जिथे जानेवारीची सरासरीच अकरा-बाराच्या घरात असेल तिथे नऊ अंश ही शीतलहर ठरत नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्रात हवामानावर आधारित फळपीक विम्यात केळीसाठी 'कमी तापमान' हा धोका धरला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सलग तीन दिवस पारा ८ अंश किंवा त्याखाली राहण्याची अट अलीकडच्या वर्षांत दिसते. दोन दिवस सात अंश आणि तिसऱ्या दिवशी साडेआठ, तर अट मोडली. आपल्याकडे असा विमा मिळावा ही मागणी शेतकरी कितीतरी वर्षे करत आहेत.

पाला, शीतलहर, कमी तापमान. हे तिन्ही शब्द हवेचे आहेत. हवेला काय झाले ते सांगतात. चरका हा एकटा शब्द झाडाचा आहे. झाडाला काय झाले ते तो सांगतो. नुकसान हवेचे होत नाही, झाडाचे होते. आणि नेमका तोच शब्द कोणत्याही रकान्यात नाही.

मी सरकारी मोजमापाला नावे ठेवत नाही. पैसा वाटायचा तर आकडा लागतो. शब्दावर तो वाटता येत नाही. पण आकडा कुठे लावायचा हे ठरवण्याआधी, बागेत काय घडते ते सांगणारी भाषा टेबलावर आलेली असली पाहिजे. ती आणण्याचे काम कोणाचे? कृषी अधिकाऱ्याचे थोडेसे. पण भाषेचे पगार आपण घेतो, मित्रहो.

आपल्या भाषेत या कामाची परंपरा आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिले. ते महसूल खात्यातले होते. बलुते, अलुते, हक्क, देणी यांचे शब्द त्यांनी गोळा केले नसते तर त्या काळचे गाव आज आपल्याला अर्धेही कळले नसते. दाते-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'ने प्रांतोप्रांतीचे शब्द जमवले. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. त्यांची कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा शेतातल्या बाईची बोली ही विचाराची भाषा आहे हे पुण्या-मुंबईला उमगले. ना. धों. महानोर पळसखेड्याचे, भालचंद्र नेमाडे सांगवीचे. हे सगळे आपले शेजारी. पण सीमेच्या या बाजूची आपली मराठी अजून पुरती वेचलीही गेलेली नाही. ती ना महाराष्ट्राच्या कोशांत नीट आली, ना मध्य प्रदेशाच्या कागदपत्रांत. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी तिची अवस्था.

काही वर्षांपासून मी वर्गात एक गृहपाठ देतो. हिवाळ्याच्या सुट्टीत प्रत्येकाने घरातून, बागेतून, मंडीतून वीस शब्द आणायचे. शब्द, त्याचा अर्थ, तो कधी वापरतात, आणि हिंदीत त्यासाठी काय म्हणता येईल. चौथा रकाना सगळ्यात अवघड. पहिल्या वर्षी मुले नाराज होती, "सर, हे काय मराठी आहे?" असे एकाने विचारलेही. मग शब्द येऊ लागले. निसवण, कमळ, फणी, दांडा, पील, भरणी, वापसी, धुई. एका मुलाने 'पाला' आणला आणि हिंदीच्या रकान्यात लिहिले : "पत्ते. (पाला नहीं।)" त्या वहीवर मी शेरा लिहू शकलो नाही, नुसती सही केली. त्याला कारण कळले नसेल. आज कळेल, तो इथे बसला आहे.

माझी अकादमीला आणि तुम्हा सर्वांना विनंती लहान आहे. निमाड-खानदेशच्या या सीमेवरच्या पीक-शब्दांची एक दुभाषी यादी करू या. मोठा ग्रंथ नको. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागेल, प्रत्येक अर्ज लिहिणाऱ्या पोराच्या खिशात मावेल एवढी. त्यात चरक्यापुढे स्वच्छ हिंदीत लिहिलेले असावे : "ठंड से केले के पौधे और फल को हुई क्षति, जिसके लिए पाला पड़ना ज़रूरी नहीं।" एवढे एक वाक्य मला तेव्हा सुचले असते तर बरे झाले असते.

आणि विद्यार्थी मित्रहो, निबंधात गुलाबी थंडी जरूर लिहा. भरताच्या पंगतीची थंडी खोटी नाही. पण तिच्याशेजारी तुमच्या बागेतली थंडीही लिहा. वडिलांनी पहाटे बांधावर पेटवलेला धूर, गळ्यात अडकलेला घड, वापसीत गेलेली रास. शब्द अडला तर कोशाआधी आईला विचारा.

आबा आता नाहीत. त्यांच्या त्या नाल्याकाठच्या शेतात अजूनही केळी आहे, आणि या आठवड्यात पारा उतरतो आहे असे सकाळी कोणीतरी म्हणाले. तुमच्यापैकी अनेकांना रात्री पाणी द्यायला जायचे असेल, म्हणून फार वेळ घेत नाही.